वर्ग चालू असताना दार वाजतं तेव्हा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून चहाच्या टेबलापाशी मला एकच प्रश्न किमान दहा जणांनी विचारला, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ते माहीत आहे गं, पण नक्की करतेस काय?" माझ्या सासूबाई गेली अठरा वर्षं हेच विचारतात. आज माईक हातात आहे आणि तुम्ही जेवणाआधी उठून जाऊ शकत नाही, तेव्हा सांगूनच टाकते. त्यासोबत माझ्या एका चुकीची गोष्टही सांगणार आहे. ती ऐकायला गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, याचं थोडं दडपण आहे.

मी डिव्हाइस ड्रायव्हर लिहिते. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्याला जोडलेलं एखादं यंत्र यांच्यामधला दुभाष्या. प्रिंटर, कॅमेरा, नेटवर्कचं कार्ड या प्रत्येकाची भाषा वेगळी असते, आणि प्रत्येकाला आपापला दुभाष्या लागतो. या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे इंटरप्ट. तो समजायला मला इंजिनिअरिंगची चार वर्षं लागली असं मी समजत होते. प्रत्यक्षात तो मी सातवीच्या वर्गात रोज बघत होते.

आठवा. बाई फळ्यावर गणित सोडवताहेत. दार वाजतं. शिपाईकाका नोटिशीची वही घेऊन उभे. बाई काय करायच्या? हातातली पायरी अर्धवट सोडायच्या नाहीत. जिथे आहेत तिथे खडूने एक टिंब द्यायच्या. वही घ्यायच्या, सही करायच्या, काकांना मोकळं करायच्या. नोटीस मोठी असली तर म्हणायच्या, "मधल्या सुट्टीत वाचून दाखवते." मग वळून बरोबर त्या टिंबापासून पुढे. आपल्यातल्या निम्म्यांना कोणी येऊन गेलं हेही कळायचं नाही.

इंटरप्ट नेमका हाच. प्रोसेसर एक काम करत असतो. यंत्राकडून विजेचा इशारा येतो, "माझ्याकडे काहीतरी आहे." प्रोसेसर चालू सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो ते नोंदवून ठेवतो, म्हणजे टिंब देतो, आणि त्या यंत्रासाठी लिहून ठेवलेल्या छोट्या कार्यक्रमाकडे जातो. त्याला इंटरप्ट हँडलर म्हणतात. तो संपला की टिंबापासून पुढे. हे एका सेकंदात हजारो वेळा होतं, आणि तुम्हाला पडद्यावर गाणं अखंड ऐकू येत राहतं.

आपल्या कॉम्प्युटर रूममध्ये चप्पल बाहेर काढून आपण जायचो, त्या काळच्या पीसीत अशा इशाऱ्यांसाठी मोजक्या तारा होत्या. आठ-आठ तारांच्या दोन चिप, त्यातली एक तार दोघींना जोडण्यात जायची, उरल्या पंधरा. शून्य नंबर घड्याळाचा, एक नंबर कीबोर्डचा, सात नंबर बहुधा प्रिंटरचा. तारा कमी आणि यंत्रं जास्त, म्हणून पुढे एकाच तारेवर दोन-तीन यंत्रं बसू लागली. एकाच बिऱ्हाडाच्या घंटीवर तीन कुटुंबं, असा प्रकार.

म्हणून हँडलरचा पहिला नियम: घंटी वाजली की आधी विचारायचं, "माझ्यासाठी आहे का?" आपल्या यंत्राचं स्थितीचं खातं बघायचं, ज्याला आम्ही स्टेटस रजिस्टर म्हणतो. आपलं असेल तर "मी बघितलं" असं कळवायचं, नसेल तर प्रामाणिकपणे "माझं नाही" म्हणायचं. लिनक्समध्ये या उत्तरांचा हिशोब ठेवतात. एका तारेवर एक लाख इशारे आले आणि त्यातले ९९,९०० हून जास्त कोणीच आपले म्हटले नाहीत, तर लिनक्स "नोबडी केअर्ड", म्हणजे कोणालाच पर्वा नव्हती, असा संदेश लिहून ती तार बंदच करून टाकतो. मी पहिल्यांदा तो संदेश पाहिला तेव्हा हसले होते. पण जो हँडलर न बघताच "माझंच, माझंच" म्हणतो, तो जास्त घातकी. त्याच्यामुळे हिशोबच खोटा होतो आणि बिघाड पकडला जात नाही.

दुसरा नियम: दारात गप्पा मारायच्या नाहीत. हँडलर चालू असताना बाकी सगळा वर्ग थांबलेला असतो. म्हणून तिथे फक्त तातडीचं तेवढंच करायचं आणि लांबलचक काम मागे ठेवायचं. लिनक्सवाले पहिल्या भागाला टॉप हाफ आणि दुसऱ्याला बॉटम हाफ म्हणतात. सही म्हणजे टॉप हाफ, मधल्या सुट्टीत वाचन म्हणजे बॉटम हाफ. २००९ साली लिनक्समध्ये याची आणखी सोपी सोय आली. हँडलरचं मोठं काम एका स्वतंत्र थ्रेडवर टाकता येऊ लागलं.

तिसरा नियम: हँडलरमध्ये झोपायचं नाही. झोपणं म्हणजे दुसरं कोणी काही देईल म्हणून वाट बघत बसणं. शिपाईकाका दारात उभे राहून म्हणाले, "मला हजेरीपट द्या, मगच हलतो," आणि बाई म्हणाल्या, "हजेरी अर्धी झाली आहे, तुम्ही गेलात की पुरी करते, मग घ्या," तर काय होईल? दोघंही बरोबर, आणि वर्ग कायमचा ठप्प. ड्रायव्हरमध्ये हे हुबेहूब घडतं. एखादी माहिती कुलपात ठेवून मुख्य काम चालू आहे, तेवढ्यात इंटरप्ट आला, आणि हँडलरलाही तेच कुलूप हवं असलं की प्रोसेसर गोल फिरत राहतो. उपाय साधा आहे. जे कुलूप हँडलरलाही लागणार आहे, ते घेताना मुख्य कामाने तेवढ्या क्षणापुरता आपल्या प्रोसेसरवर इंटरप्ट बंद ठेवायचा. हजेरी होईपर्यंत दाराला कडी. पण कडी क्षणभरच. तासभर लावली तर बाहेर आग लागली तरी कळणार नाही.

आणि कधीकधी उलटंही करावं लागतं. घरी लग्न असलं की आपण प्रत्येक पाहुण्यासाठी उठून दार उघडतो का? दार सताड उघडं ठेवतो आणि अधूनमधून नजर टाकतो. नेटवर्क कार्डावर माहितीचा लोंढा आला की प्रत्येक पाकिटाला इंटरप्ट घेत बसलं तर प्रोसेसर फक्त दार उघडत राहतो, आलेल्याला पाणी द्यायलाही वेळ उरत नाही. १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी या अवस्थेवर एक निबंध लिहिला. यंत्र जिवंत आहे, धावतंय, पण काम शून्य. आज लिनक्समध्ये पहिलं पाकीट घंटी वाजवतं, मग ड्रायव्हर घंटीच बंद करून ठेवतो आणि स्वतः जाऊन पाकिटं उचलत राहतो. गर्दी ओसरली की घंटी पुन्हा चालू.

हे ऐकून वाटेल की नियम पाळले की झालं. तसं नाही, आणि आता ती चुकीची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत रक्ततपासणीच्या यंत्राच्या कामावर होते. यंत्रात लिनक्सवर चालणारा एक बोर्ड होता, आणि मोजमाप करणाऱ्या भागाशी बोलणारा ड्रायव्हर माझा होता. प्रत्येक नमुन्याचा निकाल दोन तुकड्यांत यायचा, आधी आकडे आणि मागोमाग समाप्तीची खूण. दोन्ही मिळाल्याची पोच आम्ही दिल्याशिवाय यंत्र पुढचा नमुना घेत नसे.

यंत्रं प्रयोगशाळांत गेली आणि तक्रार आली. दोन-तीन दिवसांतून एकदा यंत्र मध्येच थिजतं. बंद करून चालू करावं लागतं, आणि आत असलेला नमुना वाया जातो. एका प्रयोगशाळेतल्या ताईंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, चार वर्षांच्या पोराचं रक्त मला आज दुसऱ्यांदा काढावं लागलं. त्याची आई माझ्याकडे बघत होती." ते वाक्य मी विसरलेले नाही.

मी शोधायला बसले. दोष दिसावा म्हणून हँडलरच्या सुरुवातीला नोंद लिहिणारी एक ओळ टाकली. दोष नाहीसा! ओळ काढली, तीन दिवसांनी परत हजर. मग मी बैठकीत ठामपणे सांगितलं, "सॉफ्टवेअर ठीक आहे, बोर्डावर कुठेतरी सांधा सैल आहे." हार्डवेअरचा आमचा सहकारी माझ्यापेक्षा बराच लहान. तो म्हणाला, "मॅडम, मी सिग्नल तपासलाय, स्वच्छ आहे." मी त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. माझा अनुभव जास्त, म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं. बोर्ड परत मागवले गेले आणि प्रत्येकावर पुन्हा सोल्डरिंग झालं. त्या मुलाची दिवाळी फॅक्टरीत गेली. आणि दुरुस्त बोर्ड लावल्यावर यंत्रं दोन-चार दिवस बरी चालली, तेव्हा मी मनात म्हटलं, बघा. मुळात दोषच दोन-तीन दिवसांतून एकदा येणारा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दोष सापडला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, रिकाम्या ऑफिसात, स्वतःचाच कोड कागदावर छापून वाचताना. तुम्हाला दवाखान्याचं उदाहरण देते.

दवाखान्यात एक ट्रे आहे आणि एक लाल दिवा. पेशंटचा माणूस ट्रेमध्ये कागद ठेवतो आणि बटण दाबतो. दिवा लागतो. आतला कंपाउंडर दिवा लागताना बघूनच उठतो. आधीपासून लागलेल्या दिव्याकडे त्याचं लक्ष जात नाही. तो येतो, ट्रे रिकामा करतो, दिवा मालवतो आणि आत जातो. बरोबर वाटतं ना? आता बघा. माणसाने केसपेपर ठेवला, दिवा लागला. कंपाउंडरने केसपेपर उचलला, ट्रे रिकामा झाल्याची खात्री केली, आणि त्याचा हात दिव्याकडे निघाला. नेमक्या त्याच क्षणी माणसाने मागोमाग जुने रिपोर्ट ठेवले आणि बटण दाबलं. दिवा तर लागलेलाच होता, काही बदललं नाही. कंपाउंडरने दिवा मालवला आणि तो आत गेला. आता रिपोर्ट ट्रेमध्ये, दिवा बंद. कंपाउंडर बसलाय, "रिपोर्ट येतील." माणूस बसलाय, "ठेवलेत, बोलावतील." संध्याकाळपर्यंत दोघं बसून राहतील.

माझा हँडलर हेच करत होता. आधी सगळी माहिती वाचायची, मग इशाऱ्याचं खातं पुसायचं. समाप्तीची खूण त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत आली की इशाराही तिच्यासकट पुसला जायचा. सिग्नल खालून वर जाण्याच्या क्षणाचीच दखल घेतली जाईल अशी जोडणी होती, त्यामुळे पुन्हा कोणी हाक मारणार नव्हतं. आणि नोंदीची ओळ टाकल्यावर दोष का लपायचा? त्या ओळीमुळे हँडलरला उशीर व्हायचा, तोवर खूणही येऊन पोचलेली असायची, आणि दोन्ही तुकडे एकदमच उचलले जायचे.

उपाय एकाच ओळीचा. आधी दिवा मालवायचा, मग ट्रे रिकामा करायचा. मधेच कोणी काही ठेवलं तर दिवा पुन्हा लागेल. फार तर कंपाउंडरला एकदा रिकाम्या ट्रेसाठी उठावं लागेल. तो तोटा परवडतो, कोणी ताटकळत बसून राहत नाही. मी एक ओळ खालून वर नेली. चार यंत्रं दोन आठवडे अहोरात्र चालवून पाहिली. एकही थिजलं नाही.

यातली खरी चूक यापुढची आहे. दुरुस्ती पाठवताना सोबत काय बदललं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, "इंटरप्ट हाताळणीत सुधारणा." तीनच शब्द, आणि त्यातला एकही खोटा नाही. साहेब खूश झाले, मला शाबासकीचा ईमेल आला. बोर्ड सैल होता हे बैठकीच्या टिपणात तसंच राहिलं. मी स्वतःला समजावलं, काम झालं ना, आता कशाला.

चार महिन्यांनी एका बैठकीत विषय निघाला की बोर्ड बनवणारा लहान कारखाना बदलायचा. कारण? "मागे सोल्डरिंगचा त्रास झाला होता ना." कागद तयार होता, सहीच बाकी होती. माझा सहकारी समोर बसला होता, मान खाली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आपला वर्ग आठवला.

बाई आपल्याला वहीत खोडरबर वापरू द्यायच्या नाहीत. आठवतंय? "चुकलं तर त्यावर एकच रेघ मार आणि खाली बरोबर लिही. चूक वाचता आली पाहिजे. मला तुझं उत्तर नको, तू कुठे वळलीस ते बघायचंय." मला तेव्हा याचा भयंकर राग यायचा, कारण माझी वही घाण दिसायची. मी घरून हळूच खोडून आणायची. एकदा बाईंनी पान उजेडात धरून खोडलेलं सगळं वाचून दाखवलं होतं.

मी बैठकीत हात वर केला. म्हटलं, "बोर्ड चांगले होते. सोल्डरिंगही चांगलं होतं. माझ्या ड्रायव्हरमध्ये दोन ओळींचा क्रम उलटा होता. मला चार महिन्यांपासून माहीत आहे." खोली गप्प. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं." बरोबरच होतं. कारखाना बदलला नाही.

नंतर जिन्यात तो सहकारी भेटला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, मला कळलं होतं. तुमची दुरुस्ती आली त्याच दिवशी मी उघडून बघितली. कुठली ओळ कुठे गेली ते दिसलं. मी वाट बघत होतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आमच्या टीममध्ये मी एक पद्धत पाडली. दुरुस्ती पाठवताना "सुधारणा" हा शब्द चालत नाही. काय चुकलं होतं, कोणाच्या हातून, ते का दिसलं नाही, आणि तोवर आपण कोणाला दोष देऊन बसलो होतो, हे साध्या वाक्यांत लिहायचं. पहिली अशी नोंद माझीच आहे, जुन्या तारखेच्या दुरुस्तीखाली जोडलेली. नवीन मुलं आली की त्यांना ड्रायव्हर शिकवताना मी आधी तेच पान वाचायला देते. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही स्वतःबद्दल का लिहून ठेवलंय?" मी म्हटलं, आमच्या बाईंचा नियम आहे.

एडस्गर डाइक्स्ट्रा नावाचे थोर डच संगणकशास्त्रज्ञ होते. इलेक्ट्रोलॉजिका कंपनीच्या एक्स-वन या यंत्रात इंटरप्ट घालायचं ठरलं तेव्हा ते घाबरले होते. कुठल्याही क्षणी मध्येच कोणी येणार, म्हणजे चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून दाखवता येणार नाही, ही त्यांची धास्ती. पुढे त्याच यंत्रासाठी त्यांनी ते काम इतकं काळजीपूर्वक केलं की १९५९ साली त्यावर डॉक्टरेट मिळवली. मला त्यातून धीर येतो. ज्याला आधी भीती वाटली, त्यानेच ते नीट केलं. मला त्या दिवाळीत भीती वाटली नव्हती, खात्री वाटत होती.

बाई, आज सकाळी मी तुमच्या पाया पडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू खोडायचीस ती ना?" एवढ्या वर्षांनी तुमच्या हे लक्षात आहे! तर सांगायचं एवढंच, की आता खोडत नाही. एक रेघ मारते आणि खाली बरोबर लिहिते. चार महिने उशिरा का होईना.

अजून दोन नियम सांगायचे होते. ड्रायव्हर काढून टाकताना आधी यंत्राला गप्प करायचं, मग हँडलर काढायचा, मगच मेमरी मोकळी करायची, आणि हा क्रम चुकला की काय घडतं याचीही एक गोष्ट आहे. पण आचारी दारात येऊन उभे आहेत आणि पुऱ्या गार होताहेत. मी इथे टिंब देऊन ठेवते. उरलेलं जेवणानंतर, ज्यांना ऐकायचं असेल त्यांना, वडाच्या पारावर.